समाजवादाच्या वादाला पदवीची अट

15 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी एक दुरुस्ती मांडली. घटनेच्या पहिल्याच कलमात भारताचे वर्णन ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ असे करावे, अशी त्यांची मागणी होती. शहा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले, मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले आणि 1938 साली काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीचे सचिव. दुरुस्तीला विरोध केला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचेही शिक्षण लंडनच्या त्याच संस्थेत आणि त्याआधी कोलंबियात झालेले. म्हणजे समाजवादावर बोलायला अर्थशास्त्राची तालीम लागत असेल, तर त्या दिवशी ती दोन्ही बाजूंकडे भरपूर होती. तरीही आंबेडकरांच्या उत्तरात भांडवलाचा, उत्पादनाचा किंवा किमतींचा हिशेब नाही. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचे. आज बहुसंख्यांना समाजवाद बरा वाटत असला तरी उद्याच्या विचारी माणसांना त्याहून चांगले काही सुचेल, त्यांचे हात आपण आजच का बांधावेत, हा त्यांचा पहिला मुद्दा. मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आलेलाच आहे, मग शब्दाची गरज काय, हा दुसरा. याच आंबेडकरांनी वीस महिन्यांपूर्वी, मार्च 1947 मध्ये, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मुख्य उद्योग, विमा आणि शेतजमीन सरकारच्या ताब्यात असावी आणि ही तरतूद घटनेतच करावी, असे मांडले होते. मधल्या काळात त्यांचे अर्थशास्त्र काही बदलले नव्हते. दोन्ही वेळचा प्रश्न होता तो बहुमताच्या हाती काय सोपवायचे आणि काय नाही, याचा.

समाजवादाच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, आपल्याला कसा समाज हवा आणि त्यासाठी कोणी काय सोडायचे. दुसरा, तो समाज ज्या यंत्रणेने आणायचा ती यंत्रणा चालेल का. पहिल्या प्रश्नावर कोणाचीही पदवी चालत नाही, कारण तिथे सगळ्यांचा हक्क सारखा. दुसऱ्यावर अभ्यासाला फार मोल आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी मे 1949 मध्ये ‘मंथली रिव्ह्यू’ या मासिकाच्या पहिल्याच अंकात समाजवादावर लेख लिहिला, तेव्हा सुरुवातीलाच हाच प्रश्न घेतला होता: जो अर्थशास्त्राचा जाणकार नाही त्याने या विषयावर बोलावे का? त्यांचे उत्तर होकारार्थी होते, कारण ध्येये कोणती असावीत हे शास्त्र सांगू शकत नाही. पण त्याच लेखाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्याच बाजूला एक अवघड प्रश्न विचारून ठेवला आहे. सगळी सत्ता एका केंद्राकडे गेल्यावर नोकरशाही सर्वशक्तिमान होणार नाही, याची हमी कशी द्यायची? दुसऱ्या प्रश्नाकडे पाठ फिरवून पहिल्याचा अधिकार मागणारा माणूस अर्धाच वाद घालत असतो, हे त्यांना दिसत होते.

यावर नेहमी येणारा आक्षेप डॉक्टरांचा. शस्त्रक्रिया कशी करावी यावर आपण मतदान घेत नाही, मग देशाच्या अर्थव्यवस्थेवर कोणीही का बोलावे? हा दाखला इथे लागू पडत नाही. रोगी आणि डॉक्टर या दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे रोग्याने बरे व्हावे. अर्थव्यवस्थेत ‘बरे होणे’ म्हणजे काय, इथूनच मतभेद सुरू होतात. उत्पादन वाढले पण जमीन गेली, तर ती सुधारणा म्हणायची की नाही, याचे उत्तर कुठल्याही समीकरणात सापडणार नाही. आणि डॉक्टरसुद्धा रोग्याला विचारल्याशिवाय पोट उघडत नाहीत.

पण अर्थशास्त्र जिथे खरोखर डोळे उघडते ती जागाही नीट पाहिली पाहिजे. 1920 साली अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी दाखवून दिले की यंत्रे, जमीन, कच्चा माल हे सगळे सरकारचे झाले की त्यांची खरेदी-विक्री थांबते, खरेदी-विक्री थांबली की भाव उरत नाहीत आणि भाव नसले की कोणती वस्तू कुठे वापरणे काटकसरीचे हे ठरवायला मोजपट्टीच राहत नाही. ऑस्कर लांगे यांनी 1930च्या दशकात त्यावर समाजवादी उत्तर दिले: नियोजन मंडळाने भाव जाहीर करावेत आणि टंचाई किंवा साठा दिसेल तसे ते बदलावेत. फ्रीडरिख हायेक यांनी 1945 मध्ये मुद्दा आणखी पुढे नेला. भाव ठरवायला लागणारी माहिती कोणा एका कचेरीत नसतेच, ती लाखो माणसांच्या हातात विखुरलेली असते. वाचताना हा वाद फार दूरचा वाटतो. पण विदर्भातल्या कापूस उत्पादकाने तो स्वतःच्या बैलगाडीवर बसून पाहिला आहे. 1971च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली आणि कापूस विकत घेण्याचा हक्क फक्त सरकारी यंत्रणेला राहिला. केंद्रावर गाड्यांची रांग, मग प्रतवारी, काटा, नंतर चुकाऱ्याची वाट. बाजार पडलेला असे तेव्हा याच योजनेने शेतकऱ्याला तारले, हे विसरता येणार नाही. म्हणून तर ती टिकावी असे म्हणणारे शेतकरीही पुष्कळ होते. पण पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या बाजारात भाव चढला की बंदी असूनही कापूस नदी ओलांडून जाई. उलट इथला सरकारी भाव चढा असला की शेजारच्या राज्यांतला कापूस आपल्या केंद्रांवर येऊन पडे आणि तोटा सरकारच्या माथी बसे. अखेर 2002 मध्ये खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. रात्री गाडी जुंपणाऱ्या त्या शेतकऱ्याने हायेक वाचलेला नव्हता, पण विखुरलेली माहिती म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक होते. मिझेसचा युक्तिवाद समजायला पदवी लागत नाही, तो कोणीतरी आपल्या भाषेत, आपल्या पिकावर समजावून सांगावा लागतो. हे काम अर्थतज्ज्ञांचे आहे आणि ते त्यांनी फार थोडे केले.

तज्ज्ञांच्या बहुमतावर सगळे सोपवावे, असे म्हणणाऱ्यांनी 1955 साल आठवावे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा. ते पदार्थविज्ञान शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यावर मत द्यायला अर्थतज्ज्ञांचे मंडळ बसले आणि त्यातल्या एकट्या बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली. 1,200 कोटींची तुटीची अर्थभरती देशाच्या बचतीला पेलणारी नाही, त्यातून महागाई येईल आणि नियंत्रणे वाढत जातील, हा त्यांचा इशारा. योजना सुरू झाली 1956 मध्ये आणि 1957 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली. शेणॉय यांचे प्रत्येक म्हणणे बरोबर होते असे मला वाटत नाही. अवजड उद्योगांचा पाया घातलाच नसता तर काय झाले असते, हा प्रश्न आजही खुला आहे. पण सारखीच तालीम घेतलेली माणसे एका बाजूला आणि त्यांच्यातलाच एक दुसऱ्या बाजूला उभा असेल, तर डोकी मोजून सत्य कळत नाही, युक्तिवादच तपासावा लागतो. पॉल सॅम्युएल्सन यांच्यासारख्या नोबेलविजेत्याच्या पाठ्यपुस्तकाने 1989च्या आवृत्तीतही सोव्हिएत अर्थव्यवस्थेकडे बोट दाखवून सांगितले की हुकमी अर्थव्यवस्था चालू शकते, भरभराटीलाही येऊ शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली.

उलट बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अडाणी उत्साहाने माणसे मरतात, असे कोणी म्हणाले तर चीनकडे पाहून मान खाली घालावी लागते. 1958 मध्ये सुरू झालेल्या ‘मोठ्या झेपे’त गावोगावच्या भट्ट्यांत घरातली भांडी वितळवून निकामी लोखंड काढले गेले, पिकांचे फुगवलेले आकडे वर पाठवले गेले, त्या आकड्यांवर धान्याची वसुली झाली आणि दुष्काळात कोट्यवधी माणसे गेली. मात्र हे ओळखले कोणी? संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी. शेतकरी कुटुंबातून आलेला हा सेनापती, अर्थशास्त्राशी त्याचा संबंध नाही. आपल्या हुनान प्रांतात फिरून आल्यावर त्यांनी जुलै 1959 मध्ये लुशानच्या बैठकीत माओंना पत्र लिहून आकडे फुगवलेले असल्याचे कळवले. त्यांना पदावरून दूर केले गेले, वसुली चालूच राहिली. तिथे कमतरता पदव्यांची नव्हती. शेतात काय दिसते ते सांगणाऱ्या माणसाला बोलू दिले गेले नाही, त्यात ती माणसे मेली.

ध्येय आणि हिशेब यांची सांगड कशी बसते, ते आपल्याकडेच पाहता येते. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आणणारे वि. स. पागे अर्थतज्ज्ञ नव्हते. मागेल त्याला काम हा त्यांचा आग्रह नीतीचा होता. 1972च्या दुष्काळाने त्याची निकड सगळ्यांना पटवली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. वि. म. दांडेकरांसारख्या अर्थतज्ज्ञांनी नंतर त्या योजनेचा कसून हिशेब मांडला, उणिवा दाखवल्या, आणि ते आवश्यकच होते. पण खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न विधिमंडळाने सोडवला तो शहरातल्या कमावत्या माणसावर 1975 मध्ये व्यवसाय कर बसवून. आजही महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावर त्या नावाने बहुतेक महिन्यांना 200 रुपये कापलेले दिसतात. ते द्यावेत की नाही यावर तो पगारदार बोलू शकतो, आणि त्या पैशातून झालेल्या पाझर तलावावर माती वाहिलेली बाईसुद्धा.