गोधडीतली हवा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी छापून आली की येत्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला गर्दी होणार, हे ठरलेलं. यंदा तिथून परतलेल्या एका वाचकाचा प्रश्न आलाय: 'अंगात दोन जाड, घट्ट स्वेटर होते, तरी निरीक्षण मनोऱ्यावर तासाभरात हुडहुडी भरली. शेजारी बसलेल्या गावातल्या आजोबांच्या अंगावर नुसती घोंगडी, आणि ते निवांत! हे कसं?'

अशा पहाटे पाणथळीवर पूर्वी शिकारी बंदूक घेऊन दबा धरत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि बंदुकीच्या जागी दुर्बीण आली. शरीराची अडचण मात्र तीच राहिली. आधी अंधारात झपाझप चालायचं आणि मग तासन्‌तास हलायचं नाही. चालताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, जाड स्वेटरच्या आत घाम फुटतो, सुती बनियन तो पिऊन घेतं. बसल्यावर भट्टी मंदावते, पण ओलं बनियन अंगाला चिकटूनच असतं. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता वीसपटींहून अधिक वेगाने वाहून नेतं. वाचकाला थंडी बाहेरून कमी आणि स्वतःच्या घामातून जास्त वाजली.

आता घोंगडीकडे वळण्याआधी मला एका माणसाबद्दल सांगायचंच आहे. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. तोफेच्या नळीला भोक पाडताना निघणाऱ्या उष्णतेचा त्याचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत असतो. त्याच्या कपड्यांवरच्या प्रयोगांचं नाव मात्र कुणी काढत नाही, आणि मला ते फार लागतं. बव्हेरियाच्या सैन्याची व्यवस्था पाहताना त्याला प्रश्न पडला, की कापड ऊब देतं म्हणजे नेमकं काय करतं? त्याने थर्मामीटरचा फुगा काचेच्या मोठ्या फुग्यात बसवला, मधल्या पोकळीत जेमतेम एक ग्रॅम लोकर, कापूस किंवा पिसं भरली, सगळं उकळत्या पाण्यात तापवून बर्फात बुडवलं आणि पारा ठरावीक खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापसाला १०४६, मेंढीच्या लोकरीला १११८, आयडर बदकाच्या मऊ पिसांना १३०५.

पण खरी गंमत रेशमात आहे. कच्चं रेशीम भरलं तेव्हा १२८४ सेकंद लागले. तेवढ्याच वजनाचा पीळ दिलेला रेशमी धागा भरला, तर फक्त ९१७! पदार्थ तोच, वजन तेच. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याला हा फरक बोटांनाच कळेल: पीळ बसला की तंतू एकमेकांना बिलगतात आणि त्यांच्यामधली हवा निघून जाते. रम्फर्डने ओळखलं, की ऊब तंतूंमुळे नव्हे, तंतूंनी अडवून धरलेल्या हवेमुळे टिकते. १७९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आपल्या आज्यांनी हे गोधडीत कधीच शिवून ठेवलं होतं. विटलेली नऊवारी लुगडी एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने टाचायची. प्रत्येक दोन पदरांमध्ये हवेचा पातळ थर अडकतो. तो पातळ असल्यामुळे आत हवा खेळत नाही, उष्णता घेऊन वर चढत नाही. १९३३ मध्ये नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन यांनी तर मासेमारीच्या जाळ्याचं बनियन केलं. नुसती भोकंच! पण वर सदरा घातला की प्रत्येक भोकात हवा कोंडते आणि घामाला बाहेर पडायला वाटही राहते.

वाचकाचे दोन घट्ट स्वेटर एकमेकांना दाबत होते, म्हणजे हवा पिळून काढत होते. घोंगडी सैल पांघरलेली, दाट आणि वारा अडवणारी. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषते, तरी ओली लागत नाही. शोषताना थोडी उष्णताही सोडते. 'उष्णता निर्माण करणाऱ्या' अंतर्वस्त्रांच्या जाहिराती याच गुणाचा गाजावाजा करतात, पण तंतू बाष्पाने भरले की ती उष्णता संपते. बाकीचं काम हवेचंच.

म्हणून पुढच्या खेपेला अंगालगत सुती बनियन नको, पातळ लोकरी किंवा लवकर वाळणारं घाला. त्यावर एक सैल स्वेटर, आणि सर्वांत वर वारा अडवणारं जर्किन. मुख्य म्हणजे चालताना स्वेटर पिशवीत ठेवा. थोडी थंडी वाजू द्या. घाम फुटू न देता मनोऱ्यावर पोचा आणि मग तो चढवा. आणि उजाडताना बांधावरच्या चक्रवाकांकडे दुर्बीण लावा. मान पाठीच्या पिसांत खुपसून ते गोल फुगलेले असतात, पिसं उभारून हवा कोंडत. ऊन अंगावर आलं की पिसं हळूहळू खाली बसतात आणि पक्षी पाहता पाहता सडपातळ होतो.