मांजराचे रक्त आणि पिसूची साक्ष

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ भरात असताना रोग कसा पसरतो, हे सिद्ध झालेले नव्हते. घरांच्या झडत्या झाल्या, जनक्षोभ उसळला आणि चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसूकडे बोट दाखविले. जनावराच्या रक्तातील रोगाचा माग त्याच्या अंगावरील परजीवीपर्यंत काढावा लागतो, हा त्यातील धडा होय. मांजरांच्या बाबतीतही तो तितकाच लागू आहे.

निरोगी दिसणारे मांजर

पिंपरी-चिंचवडच्या चाळी असोत वा चाकणची गोदामे, जेथे धान्य व खरकटे तेथे उंदीर आणि उंदीर तेथे मांजर हे ठरलेलेच. मांजराच्या रक्तात 'बार्टोनेला हेन्सेली' हा जीवाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. मांजर मात्र बहुधा धडधाकट दिसते. पिसूच्या विष्ठेतून जीवाणू मांजराच्या नखांत जातो आणि ओरखड्यावाटे माणसाच्या शरीरात शिरतो. मग काखेत किंवा मानेत गाठ येते, ताप येतो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना हा आजार गंभीर ठरू शकतो. 'मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस' हा दुसरा जीवाणू मांजराच्या तांबड्या पेशींना चिकटतो. त्यामुळे रक्तक्षय होऊन हिरड्या फिकट पडतात.

तपासणीच्या पद्धती

ताज्या रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मायकोप्लाझ्मा कधी दिसतो, कधी निसटतो. प्रयोगशाळेत तो वाढविता येत नाही. बार्टोनेला वाढविता येतो, परंतु त्यास काही आठवडे लागू शकतात. प्रतिपिंडांची चाचणी केवळ पूर्वी संसर्ग झाल्याचे सांगते. जीवाणूचे जनुकद्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी जलद व अधिक संवेदनशील आहे. तथापि बार्टोनेला रक्तात कधी प्रकटतो, कधी लोपतो. म्हणून एका नकारात्मक अहवालावरून मांजर निर्दोष ठरत नाही. रक्ताचा नमुना प्रतिजैविके देण्यापूर्वी घेणे इष्ट होय.

पिसवा बारीक फणीने काढून मद्यार्कात ठेवतात व त्यांचीही पीसीआर चाचणी करतात. पिसूत जीवाणू आढळला, तर तिने दूषित रक्त प्यायल्याचे कळते. तेवढ्यावरून मांजर आजारी ठरत नाही. दोन्ही अहवाल एकत्र वाचावे लागतात.

गावपातळीवर काय करावे?

मांजरे हाकलून दिल्यास उंदीर वाढतील. खरा उपाय पिसूनियंत्रणाचा. पिसूची अंडी व अळ्या मुख्यतः अंथरुणात, फटींत व धुळीत असतात. म्हणून मांजराच्या उपचाराबरोबर जागेचीही स्वच्छता हवी. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास प्राणघातक ठरू शकते.

ओरखडा साबण-पाण्याने लगेच धुवावा, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. नंतर गाठ वा ताप आल्यास डॉक्टरांकडे जाऊन मांजराचा ओरखडा लागल्याचे न विसरता सांगावे. तेवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा मिळू शकते.