डोहाळजेवणाचा आहेर

डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात करतात. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने. बैठक झोपाळ्यावर, नावेत किंवा चांदण्यात. ओटीत खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. झाकलेल्या वाटीत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ हौसेपुरताच ठेवावा.

बाळाच्या वस्तू जन्माआधी घरात आणू नयेत, असे अनेक घरांत मानतात. म्हणून आहेर होणाऱ्या आईसाठीच न्यावा. कोणी काय दिले, हे नणंदेने किंवा बहिणीने लगेच वहीत लिहावे; पाकिटे एकत्र झाली की नावे हरवतात. आभाराचा फोन दोन-चार दिवसांत करावा, तोही वस्तूचे नाव घेऊन: ‘काकू, साडीचा पोत किती मऊ आहे!’ ग्रुपवरचा सामाईक संदेश ज्येष्ठांना कोरडा वाटतो. खाऊचा डबा मात्र रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी.