कळफलक निवडताना करंगळीला विचारा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसण्याचे काम सुरू झाले. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंचा घरचा संगणक उंच फळीवर ठेवल्यामुळे वाचला. कळफलक, म्हणजे की-बोर्ड, मात्र टेबलावरच राहिला होता. धुऊन, पुसून, आठवडाभर वाळवूनही तो पूर्ववत झाला नाही. काही कळा चालत, तर काही एकगठ्ठा मुक्या.

बाई राहतात महाडला आणि शिकवतात पोलादपूर तालुक्यातील एका शाळेत. प्रश्नपत्रिका, वाचनपाठ, निकालपत्रके ही सारी टंकलेखनाची कामे त्या घरी स्वतः करतात आणि तीही मराठीत. त्यांनी नवा कळफलक आणला. लहानसा, आटोपशीर, दिसायला सुरेख. महिनाभरात त्यांच्या उजव्या हाताची करंगळी दुखू लागली. "वय झालं, दुसरं काय!" असे म्हणून त्यांनी विषय सोडून दिला. आम्हाला मात्र दोष वयाचा नसून कळफलकाचा असावा अशी शंका आली. तिचा माग घेता घेता जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

कळीच्या पोटात काय असते?

घरोघरी दिसणाऱ्या स्वस्त कळफलकात पातळ प्लास्टिकचे तीन पडदे एकावर एक असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर विद्युतवाहक रेघा छापलेल्या असतात. मधल्या पडद्याला कळांच्या जागी भोके असतात. प्रत्येक कळीखाली रबराचा छोटा घुमट असतो. कळ दाबली की घुमट दबतो, वरचा पडदा भोकातून खालच्या पडद्याला टेकतो आणि मंडल पूर्ण होते.

प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. रेघा आडव्या-उभ्या जाळीसारख्या मांडलेल्या असतात. समजा, ८ आडव्या आणि १६ उभ्या रेघा घेतल्या, तर अवघ्या २४ रेघांत १२८ कळा ओळखता येतात. यातच बाईंच्या मुक्या कळांचे उत्तर आहे. पुराचे गढूळ पाणी पडद्यांच्या फटीत शिरले आणि गंजून एखादी रेघ तुटली, की तिच्यावरच्या साऱ्याच कळा एकदम बंद पडतात.

बोटाला जाणवतो तो घुमटाचा विरोध. साधारणतः ५० ते ७० ग्रॅम वजनाइतका जोर दिला की घुमट एकाएकी ढासळतो आणि बोट तळाशी आपटते. यांत्रिक स्विचच्या महागड्या कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते. पण अक्षर उमटते ते निम्म्या वाटेवरच. त्यामुळे तळ गाठण्याची गरज राहत नाही. अर्थात जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेली बोटे सवयीने तळापर्यंत जोर लावतातच. त्यांनी महाग कळफलक घेऊनही हात हलका केला नाही, तर लाभ थोडाच.

मराठीचा भार कोणावर?

बाईंची करंगळीच का दुखावी? त्यासाठी अक्षरांची मांडणी पाहावी लागेल. बाई 'इनस्क्रिप्ट' मांडणी वापरतात. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. हिच्यात स्वरचिन्हे बहुतांशी डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजने उजव्या हाताला येतात. क आणि ख एकाच कळीवर असतात. शिफ्ट दाबले की ख. ग-घ, त-थ, प-फ यांचेही तसेच. वर्णमालेची शिस्त असलेली ही सुंदर मांडणी आहे.

पण कळफलकाचा सांगाडा इंग्रजीसाठी घडलेला आहे. उजव्या कडेला अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस, तिरपी रेघ अशा इंग्रजीत क्वचित लागणाऱ्या खुणा आहेत. मराठीत त्याच कळांवर अनुक्रमे च, ट, ड आणि य येतात! हा सारा कोपरा, आणि शेजारचा ज, उजव्या करंगळीच्या वाट्याचा.

'शाळेच्या' हा शब्द घेऊ. त्यात श, ा, ळ, े, च, ्, य, ा असे आठ ठोके आहेत. श आणि ळ यांना शिफ्ट लागते, म्हणून एकूण दहा दाब. त्यांतील दोन्ही शिफ्ट डाव्या करंगळीचे, तर च आणि य उजवीचे. दहापैकी चार दाब करंगळ्यांचे झाले. हाच अर्थ इंग्रजीत 'ऑफ द स्कूल' असा लिहिला, तर एकही अक्षर करंगळीकडे येत नाही. मराठीत 'च्या' हा प्रत्यय किती वेळा येतो, हे सांगायला नकोच.

आता बाईंचा नवा कळफलक पाहा. रुंदी वाचवण्यासाठी बनवणाऱ्याने उजव्या कडेच्या कळा अरुंद केल्या होत्या. इंग्रजी लिहिणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. मराठी लिहिणाऱ्याची करंगळी मात्र च, ट, ड शोधताना दर वेळी आखडते आणि वाकडी वळते. (रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना हा त्रास इतका होणार नाही.)

मनगट आणि टेबल

केवळ कळफलक बदलून भागत नाही. टेबल उंच असेल तर हात वर उचलावे लागतात. कळफलकाच्या मागच्या बाजूचे पाय उघडून ठेवले, तर मनगट वरच्या बाजूला मुडपते. कोपर आणि कळा साधारण एका पातळीत असाव्यात आणि मनगट सरळ राहावे. टेबल कापता येत नाही. पण खुर्चीवर उशी आणि पायांखाली पाट घेता येतो. मागचे पाय मिटून ठेवण्याला तर पैसाही पडत नाही. तरीही बोटांना मुंग्या येणे वा बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे.

दुकानात काय पाहावे?

खोक्यावरची जाहिरात न वाचता कळफलक बाहेर काढून मागावा. शेजारच्या दोन अक्षरकळांच्या मध्यांतील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते, पट्टीने मोजावे. उजव्या कडेच्या कळा इतर अक्षरांएवढ्याच रुंद आहेत ना, डावी शिफ्ट लांब आहे ना, हे पाहावे. मग डोळे मिटून 'शाळेच्या' दहा वेळा लिहावे. करंगळी अडखळली, तर तो कळफलक आपला नव्हे.

बाईंनी अखेर पूर्ण आकाराचा साधाच कळफलक घेतला आणि खुर्चीवर उशी ठेवली. दुखणे एका दिवसात गेले नाही, पण हळूहळू ओसरले. आता पावसाळ्यात काम संपले की कळफलकही फळीवर जातो.

वर्गात करून पाहा

कळीवर खोडरबराचा लहान तुकडा ठेवा. त्यावर एकेक नाणे अलगद रचत जा. अक्षर उमटताच थांबा आणि खोडरबरासह सारी नाणी काट्यावर तोला. तेच त्या कळीचे वजन. मधली कळ, कडेची कळ आणि शिफ्ट यांची वजने ताडून पाहा. दुसऱ्या गटाने पाठ्यपुस्तकाच्या एका पानातील च, ज, ट, ड, य मोजावेत. मग करंगळीला पानामागे किती ग्रॅम उचलावे लागतात, याचा हिशेब मुलेच मांडतील.