सिगारेटच्या जाहिरातीतून उरलेलं रॉक

आज एखाद्या सिगारेट कंपनीनं कॉलेज बँड्सची स्पर्धा ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर केस पडेल. 2003 च्या कायद्यानं तंबाखूची जाहिरात आणि स्पॉन्सरशिप दोन्ही बंद झाल्यात, आणि ते योग्यच आहे. पण 1970 मध्ये असा कायदा नव्हता. इम्पीरियल टोबॅको, म्हणजे आजची आयटीसी, ‘सिमला’ नावाची सिगारेट विकत होती. ती तरुणांपर्यंत पोचवायची कशी? तर ‘ऑल इंडिया सिमला बीट कॉन्टेस्ट’. देशभरातून बँड्स यायचे आणि मुंबईच्या षण्मुखानंद हॉलमध्ये फायनलचा राडा व्हायचा. तोच षण्मुखानंद, जिथे एरवी शास्त्रीय संगीताच्या मैफली रंगतात. त्यातल्या बँड्सची गाणी घेऊन कंपनीनं दोन एलपी काढल्या: ‘सिमला बीट 1970’ आणि ‘सिमला बीट 1971’.

या दोन तबकड्यांसाठी आज जगभरचे रॉक कलेक्टर्स जीव टाकतात. ‘सेव्हन्टीज सायकेडेलिक’ या प्रकाराचा नाद असलेल्या माणसापुढे नुसतं नाव काढा, त्याचे डोळे चमकतात. आणि आपण? मी मास कॉमची डिग्री घेतली, त्यात मीडियाचा इतिहास शिकले, पण सिमला बीटचं नाव अख्ख्या सिलॅबसमध्ये कुठेही नव्हतं.

सत्तरच्या दशकातलं रॉक म्हटलं की आपल्याला आठवतात ते पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, डीप पर्पल. टी-शर्टवर असतात ते. त्यांच्या रेकॉर्ड्स लाखोंनी छापल्या गेल्या, त्या जमवण्यात मजा आहे पण शोध नाही. खरा शोध सुरू होतो तो ज्यांच्या थोड्याच प्रती निघाल्या, ज्या दुकानात पडून राहिल्या, ज्यांच्या बँडमधली मुलं पुढे बँकेत लागली किंवा परदेशी गेली, अशा अल्बम्सपाशी. आणि त्यातले काही थेट आपल्या मुंबईचे आहेत.

तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. इंटरनेट नाही, टीव्ही जवळपास नाहीच. परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं, त्यामुळे बाहेरची गिटार किंवा अ‍ॅम्प्लिफायर मिळणं म्हणजे लॉटरी. कोणाचा काका बोटीवर असेल तर तो आणणार, नाहीतर इथल्याच कारागिराकडून बनवून घ्यायचं. नवीन गाणं ऐकायचं तर शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून. कोलकात्याहून ‘ज्युनियर स्टेट्समन’ नावाचं साप्ताहिक यायचं, सगळे त्याला ‘जेएस’ म्हणायचे. त्यात बँड्सच्या बातम्या असायच्या. आपल्या आजच्या रील्सचं काम ते करत होतं, फक्त आठवड्यातून एकदाच. कुलाब्यात ‘स्लिप डिस्क’ नावाचा डिस्कोथेक होता. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले असताना तिथे शिरले आणि तिथल्याच वाद्यांवर वाजवून गेले. हो, तेच दोघे. मुंबईतला हा प्रसंग आजही दंतकथेसारखा सांगितला जातो.

सिमला बीटच्या एलपी म्हणजे त्या सगळ्या धडपडीचा ग्रुप फोटो. शिलाँगचा ‘द फेन्टोन्स’, कोलकात्याचा ‘ग्रेट बेअर’, मद्रासचा ‘द कन्फ्युजन्स’... काही जण क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची गाणी वाजवतात, काही जण स्वतःची. रेकॉर्डिंग आजच्या कानांना कच्चं वाटतं. गिटारचा फझ फाटका येतो, आवाज कधी मागे पडतो. पण ‘ग्रेट बेअर’चं ‘मिस्ट’ किंवा ‘कन्फ्युजन्स’चं ‘व्हॉइस फ्रॉम द इनर सोल’ हेडफोनवर लावून बघा. विशीतली मुलं आहेत ही, आपल्याच वयाची. कोणाची तरी नक्कल करता करता मध्येच त्यांना स्वतःचा आवाज सापडतो, आणि तो क्षण ऐकू येतो. माझ्या मते तरी, गुळगुळीत प्रॉडक्शनच्या दहा अल्बम्सपेक्षा हे भारी आहे.

आता गंमत म्हणा किंवा दुर्दैव. ज्या सिनेसंगीताच्या रेकॉर्ड्स हातोहात खपत होत्या, त्या सोडून इंग्रजी गाणाऱ्या देशी मुलांवर पैसे लावायला रेकॉर्ड कंपन्यांना कारणच नव्हतं. म्हणून त्या काळातले कितीतरी बँड फक्त स्टेजवर वाजले आणि हवेत विरले. ‘ह्यूमन बाँडेज’ हा त्यातला जबरदस्त गाजलेला बँड. त्यांची एकही एलपी निघाली नाही. 1971 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा वुडस्टॉकच्या धर्तीचा म्युझिक फेस्टिव्हल झाला होता. भाजे-कार्ल्याच्या ट्रेकला आपण ज्या स्टेशनवर उतरतो, तेच मळवली! वडापाव खाऊन आपण पुढे जातो, आणि इथे कधी इलेक्ट्रिक गिटार घुमल्या होत्या याचा पत्ता नसतो. हे सगळं वाचायचं असेल तर सिद्धार्थ भाटियांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ (2014) हे पुस्तक आहे. वाचता येतं, ऐकता मात्र फारसं येत नाही. ज्यांची तबकडी निघाली तेच उरले.

मराठी घरातलाही एक धागा यात आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यसृष्टीतल्या जोडप्याचा मुलगा नंदू भेंडे हा मुंबईच्या ‘व्हेल्वेट फॉग’ या बँडचा गायक. अलेक पदमसींनी 1974 मध्ये ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक म्युझिकल स्टेजवर आणलं, तेव्हा नंदू भेंडे ज्यूडास झाले. पुढे पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तही ते होते, म्हणजे रॉकवाला गळा थेट मराठी रंगभूमीवर आला. ‘सुपरस्टार’मध्ये जीझस झाले होते मधुकर चंद्र धस. आणि हे धस गायचे ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाच्या बँडमध्ये.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ म्हणजे या छंदातला हापूस. कीथ कांगा यांच्या या मुंबईकर बँडचा एकच अल्बम निघाला, ‘ऑब्सेशन 77’. सत्तरच्या दशकातल्या भारतीय हार्ड रॉकचा अख्खा अल्बम म्हणून बोट ठेवता येईल अशा अगदी मोजक्या गोष्टींपैकी ही एक. तेव्हा तो कोणी फारसा विचारला नाही. मग कित्येक वर्षांनी युरोप-अमेरिकेतल्या कलेक्टर्सच्या हाती त्याच्या प्रती लागल्या, बोलबाला झाला, किमती चढत गेल्या, आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन रेकॉर्ड्स’नं ‘ऑब्सेशन’ नावानं तो पुन्हा काढला. सिमला बीटचंही तेच झालं. त्या दोन्ही एलपी एकत्र करून नव्यानं आणल्या त्या जर्मनीतल्या लेबलनं.

म्हणजे मुंबईत वाजलेलं, मुंबईच्या मुलांनी रेकॉर्ड केलेलं संगीत मुंबईच्या मुलीनं ऐकायचं, तर ते व्हाया परदेश. मला याचा सुरुवातीला राग आला होता. पण राग कोणावर काढायचा? त्यांनी चोरलं नाही, पैसे मोजून घेतलं. रद्दीच्या भावात विकलं ते इथल्या घरांनी, घर बदलताना, माळा रिकामा करताना, कॅसेट आल्यावर ‘आता ह्या ताटल्या कोण ऐकणार’ म्हणत. परदेशातल्या त्या येड्या कलेक्टरनं निदान ती तबकडी धुतली, पुसली, उभी ठेवली आणि ऐकली.

आणि इथेच या छंदाचा मुद्दा नुसत्या शायनिंगच्या पलीकडे जातो. स्टुडिओतली मूळ टेप बऱ्याचदा सापडत नाही. पुसली गेलेली असते, दमट हवेत चिकटलेली असते किंवा कंपनीच हातोहात बदलत गेलेली असते. मग रिइश्यू करणारे काय करतात? चांगल्या अवस्थेतली एक रेकॉर्ड शोधतात, तिच्यावर सुई ठेवतात आणि तोच आवाज कॉम्प्युटरवर घेऊन साफ करतात. म्हणजे कोणाच्या तरी कपाटातली ती एक प्रत हीच ‘मास्टर’ होते. ती फुटली तर गाणं गेलं. स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं असं आपण समजतो, पण तिथे तेच चढतं जे कोणीतरी आधी जपलेलं असतं.

कोलकात्याच्या ‘मोहिनेर घोडागुली’चं उदाहरण घ्या. इंग्रजीच्या नादी न लागता हा बँड बंगालीत गायला. 1977 ते 1979 या काळात त्यांच्या तीन छोट्या रेकॉर्ड्स आल्या आणि तेव्हा त्यांना कोणी भाव दिला नाही. 1995 मध्ये गौतम चट्टोपाध्यायांनी नव्या मुलांना घेऊन पुन्हा गाणी काढली, आणि मग एक अख्खी पिढी त्यांच्या मागे वेडी झाली. त्या दुसऱ्या इनिंगमधल्या एका गाण्याची चाल तुम्ही नक्की ऐकली आहे: 2006 च्या ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’. पण सत्तरच्या दशकातल्या त्या मूळ तीन तबकड्या? त्या मिळणं म्हणजे नशीबच.

बरं, शोधायचं कुठे? मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला, फोर्टच्या फुटपाथवर; पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी; कोलकात्याला गेलात तर फ्री स्कूल स्ट्रीटवर. काळा घोड्याचं ‘रिदम हाऊस’ 2016 मध्ये बंद झालं, त्यामुळे तो पत्ता कट. गठ्ठ्यात नव्वद टक्के हिंदी सिनेमा, भजनं आणि भाषणं निघतात. धीर धरायचा. आणि एक टिप: विक्रेत्यासमोर मोबाईल काढून किंमत शोधू नका. तो रेकॉर्डकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. चेहरा फुलला की भाव दुप्पट.

रेकॉर्ड हातात आली की उजेडात तिरकी धरून बघायची. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, नखाला लागणारी चर असेल तर सुई तिथे उडी मारणारच. आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे पांढरट बुरशी हमखास असते. ती डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विड सोपचा एखादा थेंब आणि मऊ कापड यांनी बऱ्यापैकी निघते. फक्त मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. स्पिरिट वगैरे वापरण्याआधी मात्र थांबा: ती जुनी 78 ची लाखेची तबकडी असेल तर स्पिरिटनं विरघळेल. तेव्हाच्या पार्ट्यांमध्ये एचएमव्हीच्या ‘फिएस्टा’सारख्या प्लेअर्सवर जड सुईखाली या रेकॉर्ड्स इतक्या घासल्या गेल्यात की स्वच्छ प्रत दुर्मीळच. आज ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त सूटकेस प्लेअर्सची सुईही बऱ्याचदा जडच असते. त्यावर जुनी रेकॉर्ड लावू नका, प्लीज.

मग नकली-असलीचा घोळ. गाणं संपल्यावर लेबलच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेले आकडे-अक्षरं असतात. मूळ प्रतीचे ते आकडे ऑनलाइन कॅटलॉगमध्ये सापडतात, ते ताडून बघायचे. कव्हर स्कॅन करून छापलेलं असेल तर फोटोतल्या कडा धूसर दिसतात. रिइश्यू वाईट नाही. स्टायपेंडवर जगणाऱ्या माझ्यासारखीनं मूळ सिमला बीटच्या मागे लागणं म्हणजे येडेपणा, रिइश्यूच घ्यावी. पण बँडशी किंवा हक्कदाराशी करार करून काढलेली घ्यावी. बूटलेगमधला एकही रुपया त्या बँडवाल्यांपर्यंत पोचत नाही, आणि त्यातले काही जण अजून आहेत, आपल्या आजोबांच्या वयाचे.

आणि सगळ्यात स्वस्त ठिकाण तर राहिलंच: नातेवाइकांचे माळे. माहीम, वांद्रे, पुणे कॅम्प, मडगाव, म्हापसा, जिथे जिथे तेव्हा घरात गिटार होती, तिथे कुठल्या तरी ट्रंकेत एखादी ईपी अजून पडलेली असू शकते. सुट्टीत गेलात तर विचारा, कॉलेजात असताना बँड होता का, कुठल्या हॉलमध्ये वाजवलंत, कोणी रेकॉर्ड केलं होतं का. उत्तरं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. तबकडी सापडलीच, तर आडवी गठ्ठ्यात ठेवू नका, वाकते. पुस्तकासारखी उभी ठेवा, उन्हापासून लांब, आणि कव्हरच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात कोणाचं नाव, कुठल्या गावाचं नाव लिहिलेलं असेल तर ते पुसू नका.