सायकल आणि शहर: तक्रारी खऱ्या, पत्ता चुकीचा

पुण्यात सायकलचा विषय काढला की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली आठवणी सांगतात: डबलसीट दिसली की पकडणारा पोलीस, दिवा नसला की भरावा लागणारा दंड, कॉलेजच्या स्टँडवरची सायकलींची रांग. दुसरी कारणं सांगतात: अंतर, घाम, धूर, गुडघे, ट्रॅफिक. निष्कर्ष मात्र दोघांचाही एकच: ‘आता सायकल चालवण्यासारखं शहर राहिलं नाही.’ २०१८ मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला आणि त्याने ३५ लाखांच्या लोकसंख्येला मागे टाकलं. तेव्हापासून तर हे वाक्य म्हणीसारखं फिरतं आहे.

या कारणांपैकी काही साफ चुकीची आहेत, काही अर्धी खरी आहेत आणि एखादं पूर्ण खरं आहे. ती निवडून वेगळी केली पाहिजेत, कारण चुकीच्या कारणांच्या गर्दीत खरं कारण झाकून जातं.

गैरसमज: सायकलने जायचं तर दुप्पट वेळ लागतो.

वस्तुस्थिती: रिकाम्या रस्त्यावर हे खरं आहे, पण रिकामा रस्ता ऑफिसच्या वेळेला मिळतो कुणाला? टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटर जायला मोटारीला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. सवय असलेला माणूस न धापता साध्या सायकलवर ताशी १५ किलोमीटर सहज जातो. पाच किलोमीटरांच्या अंतरात दोघांमधला फरक तीन-चार मिनिटांचा, आणि मोटारवाल्याची पार्किंग शोधण्याची वेळ त्यात धरलेली नाही.

स्कूटर गाड्यांच्या फटींतून वाट काढते, त्यामुळे ती पुढे जाईल हे मान्य. दहा-बारा किलोमीटरांच्या पुढे रोज सायकल रेटणं प्रत्येकाला जमणार नाही, हेही मान्य. पण सगळं अंतर सायकलनेच कापलं पाहिजे असं थोडंच आहे? मुंबईचे डबेवाले विरार ते चर्चगेट सायकल मारत नाहीत. लांबचं अंतर लोकलवर सोपवतात आणि स्टेशनच्या अलीकडचं-पलीकडचं काम सायकलवर उरकतात. घर ते मेट्रो स्टेशन हे दोन-तीन किलोमीटरांचं अंतरही त्याच जातीचं आहे: चालायला जास्त, रिक्षा यायला नाखूश.

गैरसमज: ऑफिसात घामाघूम होऊन पोचावं लागतं.

वस्तुस्थिती: घाम अंतरापेक्षा वेगाने जास्त येतो. आपण खर्च केलेल्या शक्तीचा चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णता होते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने साधी सायकल चालवायला पायडलवर साधारण ६० वॅट लागतात. वेग २० वर नेला की शंभराच्या पुढे, कारण वाऱ्याला कापण्याचा खर्च वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढतो. पाच किलोमीटरांत यामुळे पाच मिनिटं वाचतात, पण अंगात उष्णता जवळजवळ दुप्पट वेगाने तयार होते. तेव्हा पाच मिनिटं आधी निघणं हा घामावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा उपाय कॅरिअरचा. पाठीवरची सॅक उतरवून कॅरिअरला बांधली की पाठीवर उमटणारा तो ओला चौकोन उमटत नाही. चढाच्या रस्त्याला गिअर किंवा बॅटरीवरची सायकल कामाला येते. पुण्याच्या कोरड्या हवेत एवढं पुरतं. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, तिथे शर्ट बदलण्यापुरती जागा ऑफिसात लागतेच.

गैरसमज: व्यायाम होतो म्हणतात, पण एवढा धूर ओढून फायदा काय?

वस्तुस्थिती: ही शंका रास्त आहे. पायडल मारताना श्वास जोरात चालतो, म्हणून सायकलस्वार गाडीत बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात व्यायाम असतो. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये या दोन्हींचा हिशेब मांडला. रोज अर्धा तास सायकल चालवणाऱ्याचा आणखी सायकल चालवून होणारा फायदा थांबण्यासाठी हवेतल्या पीएम २.५ कणांची सरासरी घनमीटरला ९५ मायक्रोग्रॅमवर जावी लागते. एकूण तोटा सुरू व्हायला ती १६० वर जावी लागते. पुण्या-मुंबईची वार्षिक सरासरी पहिल्या आकड्याच्याही बरीच खाली असते. दिल्ली मात्र त्याच्या आसपास घुटमळते, आणि तिथल्या नोव्हेंबरात सायकल घरी ठेवणंच शहाणपणाचं.

‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. अशा पाहणीतून ‘सायकलमुळेच’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्यापुरतं करण्यासारखं एक आहे: सिग्नलला बसच्या एक्झॉस्टमागे उभं राहायचं नाही, आणि हमरस्त्याला समांतर गल्ली असेल तर ती धरायची.

गैरसमज: सायकलने गुडघे झिजतात.

वस्तुस्थिती: सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट घेते, त्यामुळे धावताना गुडघ्यांना बसतात तसे हादरे इथे बसत नाहीत. तरीही गुडघे दुखल्याची तक्रार खरी असते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा सीटखालच्या नळीत सापडतं. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, म्हणून आपल्याकडे सीट खाली घेतली जाते. मग प्रत्येक फेऱ्यात गुडघा नको इतका दुमडतो आणि वाटीच्या मागे दाब येतो.

पाहणं सोपं आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, एक पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीप्रमाणे चवडा पायडलवर आणला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो, आणि तेवढाच हवा. अशा सीटवरून सिग्नलला फक्त बोटं टेकतात किंवा खाली उतरावं लागतं, त्याची सवय आठवडाभरात होते. शिवाय टायरमध्ये हवा भरपूर ठेवा. किती भरायची हे टायरच्या कडेला छापलेलंच असतं. निम्म्या हवेची महागडी सायकल पूर्ण हवेच्या साध्या सायकलपेक्षा जास्त दमवते.

गैरसमज: सायकल म्हणजे जिवाशी खेळ, चालवायचीच तर अगदी कडेने.

वस्तुस्थिती: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के, पादचारी १९.५ टक्के आणि सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास. यावरून सायकल सुरक्षित ठरत नाही, कारण कोण किती किलोमीटर फिरलं ते या आकड्यांत नाही. पण ज्या भीतीने सायकल नको म्हणतात ती भीती स्कूटरला किक मारताना कुठे जाते, हा प्रश्न उरतोच.

कडेने चालवण्याचा सल्ला मात्र सरळसरळ धोक्याचा आहे. कडेला खडी आणि वाळू साचते. पाणी जायच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर चाक आत जातं. उभ्या गाडीचं दार अचानक उघडतं, आणि उलट दिशेने येणारी दुचाकीही कडेनेच येते. शिवाय आपण जितकं कडेला दबतो तितकं मागचा घासून पुढे काढतो. कडेपासून साधारण मीटरभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवलं की मागच्याला आपण दिसतो आणि तो ठरवून ओव्हरटेक करतो. चौकात बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. ती गाडी डावीकडे वळली तर ड्रायव्हरला आपण दिसतच नाही.

हेल्मेटची सायकलला कायद्याने सक्ती नाही, तरी पडल्यावर डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता त्याने निम्म्याहून अधिक घटते. त्याच्याइतकाच महत्त्वाचा मागचा लाल दिवा, कारण रात्री न दिसणं हाच मोठा धोका.

गैरसमज: सायकलला ना नियम, ना हक्क.

वस्तुस्थिती: सायकल मोटार वाहन नाही, म्हणून लायसन्स, नोंदणी, विमा लागत नाही. मोटरची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या, मान्यताप्राप्त बॅटरीच्या दुचाकीलाही तीच सूट आहे. पण सिग्नल आणि एकेरी वाहतूक सायकललाही लागू असते. वांद्रे-वरळी सागरी सेतू किंवा पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सायकल नेता येत नाही. जिथे बंदी नाही तिथे मात्र सायकलवाला रस्त्यावर पाहुणा नाही. सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार किंवा स्कूटर घालणं हा नियमभंग आहे. मोटार वाहनाने धडक दिली तर त्या वाहनाच्या ‘थर्ड पार्टी’ विम्यातून भरपाई मागण्याचा हक्क सायकलस्वाराला आहे, त्याच्याकडे कुठलाही परवाना नसला तरी.

गैरसमज: पावसाळ्यात चार महिने सायकल बंदच.

वस्तुस्थिती: पुण्यात वर्षाला सुमारे ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पन्नासेक दिवसांत विभागून. मडगार्ड आणि पोंचो असला की यातले बरेच दिवस निभतात. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, लोखंडी झाकणं आणि पांढरे पट्टे निसरडे होतात, एवढं ध्यानात ठेवायचं. साचलेल्या पाण्यातून मात्र जायचं नाही, कारण खालचा खड्डा दिसत नाही.

गैरसमज: सायकल आता फक्त हौशी लोकांची.

वस्तुस्थिती: रविवारी पहाटे रंगीत जर्सी घालून सिंहगडाकडे निघालेले लोक आपल्याला दिसतात, फोटोंतही तेच दिसतात. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, बांधकामावर निघालेला गवंडी आणि पेपर टाकणारा मुलगा दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते, मोटारसायकल-स्कूटरने जाणाऱ्यांपेक्षा किंचित जास्तच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्या घरांत सायकल होती आणि मोटार अवघ्या ७.५ टक्के घरांत. तेव्हा सायकलचा रस्ता हे मूठभर हौशींचे लाड नव्हेत. ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही, त्यांचा तो रस्ता आहे.

गैरसमज: ट्रॅक बांधले तरी कुणी वापरत नाही, युरोपची गोष्टच वेगळी.

वस्तुस्थिती: डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. अशा ट्रॅकवरून एकदा जाऊन पाहावं. पेव्हर ब्लॉक खाली-वर झालेले असतात. प्रत्येक फाटकापाशी उतार-चढ. मध्ये विजेची डीपी, पुढे टपरी, तिच्या गिऱ्हाइकांच्या दुचाकी. हे सगळं चुकवत चौकापर्यंत आलं की ट्रॅक संपतो, म्हणजे जिथे संरक्षण सर्वांत जास्त हवं नेमका तिथेच. यावरून जाण्यापेक्षा रस्ता परवडला असं सायकलवाल्याला वाटतं, मग रिकामा ट्रॅक दाखवून लोक म्हणतात, ‘बघा, मागणीच नाही.’ २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सुमारे ८०० किलोमीटरच्या जाळ्याचा आराखडा मंजूर केला, त्यातला मोठा भाग कागदावरच राहिला. त्याच सुमारास आलेल्या भाड्याच्या सायकली वर्ष-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. जायला वाट नसेल तर नुसत्या सायकली वाटून काय होणार?

आणि युरोप जन्मतः तसा नव्हता. नेदरलँड्समध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत पुण्यासारखंच घडत होतं: मोटारी वाढत होत्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद होत होते, सायकल मागे पडत होती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० बळी गेले, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ ही त्यांची चळवळ आणि १९७३ चं तेलसंकट यांच्या दबावाखाली सरकारने धोरण बदललं, आणि पुढची काही दशकं सलग ट्रॅक बांधले. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सायकलची परंपरा जवळपास नव्हतीच. २००६ ते २०१० दरम्यान तिथे सुमारे १२० किलोमीटरचं वेगळं, जोडलेलं जाळं झालं आणि सायकलच्या फेऱ्या अनेक पटींनी वाढल्या. पॅरिसमध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीत शहरातल्या ११.२ टक्के फेऱ्या सायकलने होत होत्या, मोटारीने ४.३ टक्के. तिन्ही ठिकाणी आधी रस्ता बदलला, सवय नंतर आली.

मग तक्रार कुठे करायची?

वरच्या यादीतल्या तक्रारींचे तीन पत्ते आहेत. घाम, गुडघे, हवा, दिवा, पाऊस यांवरचे उपाय आपल्याच हातात आहेत आणि बहुतेक स्वस्त आहेत. सुरक्षित स्टँड आणि कपडे बदलण्याची जागा सोसायटीकडे आणि ऑफिसकडे मागायची. एका मोटारीच्या जागेत दहाएक सायकली राहतात, हा मुद्दा सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडून पाहायला हरकत नाही. जिवाची भीती हे एकच कारण असं आहे की ते सायकलवाल्याला एकट्याने सोडवता येत नाही. त्याचा पत्ता महापालिका आणि आपला नगरसेवक. तिथे ‘सायकलला प्रोत्साहन द्या’ असं मोघम निवेदन देऊ नये. अमुक शाळेपासून तमुक चौकापर्यंतचा ट्रॅक सलग करा, चौकात तो तोडू नका आणि त्यावरच्या गाड्या उचला, असं लिहून द्यावं आणि पोच घ्यावी.