बारदेशचें मीठ आणि कुडाळची जकात

जुन्या दप्तरांचा शोध घेतांना सनदा, वतनपत्रें व लढायांचीं वर्तमानें यांकडे संग्राहकांची दृष्टि प्रथम वळते आणि जकातीचे कागद मागें राहतात. परंतु शेजारच्या दोन मुलखांचा व्यवहार प्रत्यक्षांत कसा चाले, हें पुष्कळदां या उपेक्षित कागदांवरूनच उघड होतें. शिवाजी महाराजांनीं कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस १६७१ सालीं मिठाविषयीं लिहिलेलें पत्र हें याचें उत्तम उदाहरण होय.

या पत्राचें मर्म कळण्यास त्या प्रदेशांतील व्यापाराची घडण आधीं पाहिली पाहिजे. देशावर समुद्र नाहीं, म्हणून मिठाची वाण. कोंकणांत मीठ मुबलक, पण धान्य बेताचें. या दोन गरजांची गांठ सह्याद्रीच्या घाटांनीं घातली. वंजारी व लमाण यांचे तांडे धान्य घेऊन घाट उतरत आणि परततांना बैलांवर मिठाच्या गोणी लादीत. बैल रिकामा परतणें म्हणजे अर्धी खेप बुडणें. तेव्हां जेथें मीठ स्वस्त, तेथेंच तांड्याचा ओढा असणें स्वाभाविक होतें. आणि तांडा दुसरीकडे वळला कीं मीठ पिकविणारा आगरी, पेठेंतला व्यापारी व जकात घेणारें सरकार या तिघांसही खोट येई.

बारदेश १५४३ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. तेथील मीठ स्वस्त पडूं लागल्यामुळें स्वराज्यांतील संगमेश्वराकडे येणारे व्यापारी तिकडे वळण्याचा संभव दिसूं लागला. यावर पत्रांत सांगितलेला उपाय असा कीं, बारदेशाहून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे संगमेश्वरच्या भावाच्या मानानें तें महाग पडेल.

या आज्ञेंत दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, जकात येथें केवळ खजिना भरण्याचें साधन राहिलेली नाहीं. एका ठिकाणचा भाव, दुसऱ्या ठिकाणचा भाव व वाहतुकीचा खर्च यांचा मेळ घालून ती बसवावयाची आहे. अर्थात् स्वमुलखांतील धंद्याचें रक्षण हाच तिचा हेतु. दुसरी गोष्ट साधनांच्या निवडीची. १६६७ च्या नोव्हेंबरांत महाराजांचें सैन्य बारदेशांत शिरलें होतें व त्याच वर्षीच्या डिसेंबरांत उभयपक्षीं तह झाला. पुढें चार वर्षांनीं त्याच शेजाऱ्याशीं मिठाचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हां जें काम सैन्याचें नव्हे तें जकातीच्या चौकीवर सोंपविलें गेलें.

सरहद्दीवरील मिठाचें हें महत्त्व पुढेंही कमी झालें नाहीं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानें गोमंतकांतील मिठाचें उत्पादन व विक्री इंग्रज सरकारच्या नियंत्रणाखालीं गेली आणि मोबदला म्हणून गोमंतक सरकारास सालिना चार लक्ष रुपये देण्याचें ठरलें. याची झळ तेथील आगरवाल्यांस लागली. तो तह १८९२ सालीं संपला, आणि १९६१ सालीं गोमंतक मुक्त झाल्यावर ती सरहद्दही राहिली नाहीं.

सरहद्द गेली, तरी तिच्या दोहों बाजूंच्या लोकांनीं काय दिलें व काय घेतलें, याची साक्ष कागदांतच शोधावी लागते. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जकातीचे हिशेब, तांड्यांचे परवाने, घाटावरील चौक्यांचीं दस्तकें असे कागद हातीं आल्यास, त्यांत राजाचें नांव किंवा मोठा शिक्का नाहीं एवढ्याच कारणानें ते रद्दींत टाकूं नयेत. वाळवीच्या तोंडीं गेलेल्या अशा एका रुमालाबरोबर एका घाटाचा सबंध व्यापार नाहींसा होतो, आणि तो मागाहून कोणत्याही बखरींतून भरून काढतां येत नाहीं.